मंडळाच्या नाटकाचं परीक्षण

पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून येऊन सोफ्यावर आडवी झाले होते आणि चहा कोण करणार या विचारात होते. ही मैत्रीण नाटकाला वाहिलेलं एक त्रैमासिक चालवते. चालवते म्हणजे ओढते. तरुणपणी आम्ही दोघी एकाच वर्तमानपत्रात नाटकांची परीक्षणं लिहायचो. मग मी लग्न करून बहरीनला आले, मनामा शहरात एका विमा कंपनीत क्लेम तपासायला लागले, आणि ती तिथेच राहिली. आता तिला आजच्या अमेरिकन रंगभूमीवर मालिका हवी होती. तिथल्या नाटककारांशी आणि समीक्षकांशी गप्पा.

"अगं पण मीच का? पुण्यात इंग्रजी बोलणारे काय कमी आहेत?"

"ते स्वतःच बोलत बसतात. तू ऐकतेस. शिवाय तुमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ, आणि तुला शुक्रवारची सुट्टी असते. हो म्हण."

मी हो म्हटलं. उत्साह वगैरे काही नव्हता. नाही म्हणण्यासाठी जेवढं बोलावं लागलं असतं तेवढं बोलायचं त्राण नव्हतं. पन्नाशीनंतर माझे बरेचसे होकार असेच असतात.

पहिली गाठ पडली ती एका म्हाताऱ्या समीक्षकाशी. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका शहरात आयुष्यभर एकाच दैनिकात नाटकांवर लिहिलेला माणूस. मी बेडरूमचं दार लावून लॅपटॉपसमोर बसले होते. खिडकीतला एसी इतका घरघरतो की रेकॉर्डिंग करायचं तर तो बंदच करावा लागतो, आणि उन्हाळ्यात एसी बंद केला की थोड्याच वेळात पाठीवरून धारा लागतात. पदराने मान पुसत मी विचारलं, "हल्ली तिकडे काय नवीन चाललंय?"

"नवीन म्हणजे मी घरी बसलोय," तो म्हणाला.

पेपरने त्याची जागाच रद्द केली होती. त्याच्या शहरात आता नाटकांची परीक्षणं कुणीच लिहीत नाही. जी मंडळी त्याच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडत होती, तीच आता त्याला फोन करतात. "म्हणतात, ये एकदा. शिव्या घालायला तरी ये. कुणी काहीच लिहीत नाही तेव्हा प्रयोग झाला की नाही तेच कळेनासं होतं."

बोलता बोलता नाटकांविषयीही बोलला. आता दोन-तीन पात्रांचीच नाटकं जास्त येतात, कारण मोठा संच परवडत नाही. जुने वर्गणीदार प्रेक्षक म्हातारे झाले, महामारीत घरी बसले ते पुष्कळसे परत आलेच नाहीत. नव्या नाटकांची वाचनं होतात, वाचनावर चर्चा होतात, पुन्हा वाचनं होतात, आणि प्रयोग मात्र लांबतच जातो. हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. दवाखान्यात शेजारच्या बाकावर बसलेला माणूस आपलं दुखणं सांगतो, तसं सांगत होता.

शेवटी त्याने मला विचारलं, "तुम्ही तिथे काय बघता?"

"इथे आमच्या मंडळाचं नाटक असतं. गणपतीत. वर्षातून एकदा."

"मग त्यावर लिहा."

"ते तसं नाटक नसतं हो. ओळखीची माणसं असतात सगळी."

"माझ्या शहरातही सगळी ओळखीचीच होती," तो म्हणाला. "म्हणून मी बरीच वर्षं एकटा जेवलो."

मंडळाचं नाटक त्या वर्षी ईसा टाउनमधल्या एका शाळेच्या सभागृहात होतं. दिग्दर्शक आणि प्रमुख नट एकच, चिपळूणकडचे एक गृहस्थ. एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. बायको-मुलं गावी, आणि हे इथे बरीच वर्षं. बहरीनमध्ये उन्हाळ्यात एसीवाल्याला जेवायला सवड मिळत नाही, आणि गणपतीच्या नाटकाच्या तालमी नेमक्या त्याच दिवसांत. माणसं शिफ्ट संपवून यायची, भिंतीला टेकून संवाद म्हणायची. माझा नवरा कारखान्यात आहे; त्याच्याशी या गृहस्थांची जुनी दोस्ती, दोघं बाजाराला बरोबर जायचे. मला ते वहिनी म्हणतात.

नाटक विनोदी होतं. घरात मुलीचं लग्न, त्याचा गोंधळ, नेहमीचाच मामला. सगळे ओरडून बोलत होते, अर्धी वाक्यं हशात बुडत होती, आणि प्रॉम्प्टर नटांपेक्षा स्पष्ट ऐकू येत होता. आमच्या इथे वाढलेल्या मुलांना विनोद कळत नव्हते, ती आयांना इंग्रजीत अर्थ विचारत होती. मीही मोबाइल काढला होता.

दुसऱ्या अंकात एक जागा आली. मुलीचा बाप, म्हणजे हे गृहस्थ, जावयाच्या घरच्या फोनची वाट बघत खुर्चीवर बसतो. संवाद नाही. ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान जरा पुढे, नजर फोनवर. बसलेच. सभागृहात हळूहळू आवाज थांबले. माझ्या पुढच्या रांगेतली बाई वेफर्स खाता खाता थांबली. इथल्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी असा गावच्या फोनकडे बघत वेळ काढलेला आहे, आणि ते सगळं त्या बसण्यात होतं. मग बहुधा त्यांना स्वतःलाच त्या शांततेची धास्ती वाटली असावी. उठून त्यांनी एक चावट कोटी केली, हशा वसूल झाला आणि नाटक पुन्हा धावायला लागलं.

मी घरी येऊन लिहिलं. किती वर्षांनी लिहीत होते, पण हात बसलेला होता. संच, पाठांतर, आवाज यांबद्दल जे खरं ते लिहिलं. त्या खुर्चीबद्दल एक मोठा परिच्छेद लिहिला. त्याच्या शेवटी एक वाक्य आलं: 'ते बसले होते तेवढा वेळ नाटक होतं, बाकीचं स्नेहसंमेलन होतं.'

मंडळाच्या ग्रुपवर टाकायच्या आधी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "छान लिहिलंयस. टाकू नकोस."

मी टाकलं.

ग्रुपवर सकाळी सुप्रभात म्हणणारेसुद्धा दोन दिवस गप्प राहिले. मग कुणीतरी मोदकांचा फोटो टाकला आणि सुटका झाली. प्रत्यक्षात मात्र सुटका झाली नाही. ज्या बाईने मुलीची आत्या केली होती तिने बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाच्या दुकानात मला बघितलं आणि हातातलं कापड टाकून ती दुसऱ्या दुकानात शिरली. एकीने फोन करून समजावलं, "अहो, लोक बारा-बारा तास राबून हौस म्हणून करतात. तुम्हाला काय जातं कौतुक करायला?" नवऱ्याला त्या गृहस्थांचे फोन येणं बंद झालं. तो शुक्रवारी सकाळी एकटाच मासे आणायला जायला लागला. मला तो एका शब्दाने बोलला नाही. फक्त पूर्वी येताना दोघांच्या गप्पांचं काही ना काही सांगायचा, ते राहिलं.

मी चूक लिहिलं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण बरोबर असण्याने काही हुशारी वाटावी, तेही झालं नाही. नुसता शीण आला.

याच सुमारास मालिकेतली दुसरी मुलाखत सुरू झाली. ही नाटककार बाई चाळिशीची. न्यूयॉर्कच्या बाहेर राहते, वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवते आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात गाडीने जाते. पार्किंगमध्ये गाडी उभी करून लिहिते. तिची नाटकं लहान लहान थिएटरांत होतात. बोलताना ती मधूनच डोळे मिटून घ्यायची. आधी मला वाटलं विचार करतेय, मग कळलं की झोप आवरतेय.

"तुमच्या प्रेक्षकांबद्दल सांगा," मी म्हटलं.

"पुढच्या रांगांतही कुणी ना कुणी झोपलेलं असतं. पूर्वी मला राग यायचा. आता वाटतं, दिवसभर राबून आलाय, झोपू दे. अलीकडे मी जरा हळू आवाजातली नाटकं लिहिते."

मी हसले, तीही हसली. मग मी विचारलं, "समीक्षा वाचता?"

"माझ्या पहिल्या नाटकावर एक वाक्य आलं होतं. ते मला पाठ आहे. चांगलं लिहिलेलं एकही वाक्य आठवत नाही."

ते वाक्य तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कॉल संपल्यावर मी एसी लावला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. आपलं ते एक वाक्य आता चिपळूणकडच्या एका माणसाला पाठ असणार, एवढंच डोक्यात होतं.

मैत्रिणीला दोन्ही मुलाखती पाठवल्या. तिचा फोन आला. "अगं, सगळे दमलेलेच कसे? काहीतरी प्रयोगशील पाहिजे. नवे प्रवाह वगैरे."

"हाच प्रवाह आहे," मी म्हटलं.

तिने छापल्या त्या. तीही दमलीच होती.

हिवाळा लागला, खिडक्या उघडता येऊ लागल्या. मराठी भाषा दिनाला तेच नाटक लोकाग्रहास्तव पुन्हा करायचं मंडळाने ठरवलं. मग एका संध्याकाळी अचानक त्या गृहस्थांचा फोन आला. नवऱ्याला नाही, मला.

"वहिनी, शुक्रवारी तालमीला याल काय?"

"मी? तुमची माणसं चिडतील."

"चिडू देत. या."

बुदैयाच्या बाजूला मंडळातल्या एकांचा व्हिला आहे, त्यांच्या गॅरेजमध्ये तालीम होती. मी शिरले तशी आत्या झालेली बाई भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायला लागली. मला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली. गृहस्थांनी पहिला अंक सोडून थेट त्या जागेवरच उडी मारली. फोन स्टुलावर ठेवला, ते खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर. मान पुढे. सगळं तंतोतंत तेच. आणि काही म्हणजे काही होत नव्हतं. एक माणूस खुर्चीत बसून खुर्चीत बसल्याचं दाखवत होता.

ते उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग सगळ्यांना चहाला पाठवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बघितलंत?"

"हो."

"गेलं ना ते?"

मी स्टुलावरच्या फोनकडे बघितलं.

"वाईट लिहिलंत त्याचं मला काही नाही. चार दिवस लागलं, खोटं कशाला बोलू. पाठांतर नव्हतं हे मला काय ठाऊक नव्हतं? स्नेहसंमेलन म्हणालात, तेही गिळलं. पण ते बसणं, ते मी ठरवून केलंच नव्हतं. मला पुढचं वाक्य आठवत नव्हतं म्हणून बसून राहिलो. तुम्ही त्याच्यावर एवढं मोठं लिहिलंत, मग मी ते वाचलं, हात कुठे, मान कुठे. आता बसलो की तुमचं लिहिलेलंच डोळ्यांपुढे येतं. तुम्ही लिहिलंत आणि ते गेलं, वहिनी."

माझी सगळी तयारी निंदेचा जाब द्यायची होती. कौतुकाचा जाब कुणी मागेल हे डोक्यातच आलं नव्हतं. "मग काढून टाका ती जागा," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणीच ते किती फुकटचं बोलणं आहे ते मला कळलं.

"काढून कशी टाकू? तेवढं एकच तर नाटक होतं," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांनी ते मान्यच करून टाकलं होतं.

म्हाताऱ्या समीक्षकाशी मुलाखत संपली असली तरी आम्ही अधूनमधून बोलायचो. मी त्याला हे सगळं सांगितलं.

"मी हजारदा असं लिहिलं असेल," तो म्हणाला. "अमका नट खिडकीपाशी कसा उभा राहिला, तमकीने ग्लास कसा खाली ठेवला. त्यांच्यावर उपकारच करतोय असं वाटायचं. आणि पुन्हा प्रयोग बघायला मी कधी जात नसे."

"कुणी येऊन सांगितलं नाही?"

"मी एकटा जेवायचो, सांगितलं ना," तो म्हणाला, आणि मग त्याने तब्येतीचं काढलं. मुलीकडे राहायला जायचं ठरत होतं, घरातली पुस्तकं कुणी घेत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी नाटककार बाईशी पुन्हा बोलणं ठरलं होतं. मी चिपळूणच्या गृहस्थांना फोन करून म्हटलं, "घरी या संध्याकाळी. एका लेखिकेशी बोलणं करून देते."

"माझं इंग्लिश एसीपुरतं आहे, वहिनी."

"मी आहे ना सांगायला."

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. नवऱ्याने दार उघडलं. कितीतरी महिन्यांनी दोघं समोरासमोर आले होते. "ये," नवरा म्हणाला. "चहा टाकतो." एवढंच. पण आत स्वयंपाकघरात तो गुणगुणायला लागल्याचं मला ऐकू आलं.

स्क्रीनवर बाई आली. मागे धुतलेले कपडे वाळत टाकलेले. मी ओळख करून दिली आणि सगळी हकिकत सांगितली. ती सरळ होऊन बसली. तिला त्या दिवशी पहिल्यांदाच मी पूर्ण जागी बघितलं. तिने कसलंही तत्त्वज्ञान सांगितलं नाही. विचारलं, "खुर्ची कुठे असते? फोन कुठल्या हाताला?"

मी मराठीत विचारलं. ते म्हणाले, "फोन उजव्या हाताला. प्रेक्षकांकडे तोंड."

"माझ्या एका नाटकात एक म्हातारा नट होता," ती म्हणाली. "त्याची एक जागा अशीच हरवली. आम्ही खूप बोललो, काही उपयोग झाला नाही. मग त्याने मला टेबल दुसऱ्या बाजूला हलवायला लावलं. म्हणाला, जुनं सापडणार नाही, निदान नवीन अडचण तरी दे."

मी सांगितलं. ते ऐकून गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "विचारा, त्याला पहिल्यासारखं जमलं काय?"

"नाही," ती म्हणाली. "वेगळं जमलं. कधी कधी तेही नाही. पण तो रोज करायचा."

"यल्ला, चला, बघतो करून," ते म्हणाले. याचं काही मी भाषांतर केलं नाही, पण बाईने मान हलवली.

मराठी भाषा दिनाच्या प्रयोगाला ते ड्युटीवरून थेट आले. आधी कवितावाचन लांबलं, सत्कार लांबले, नाटक सुरू होईस्तो अर्धे लोक जेवणाच्या रांगेकडे डोळे लावून होते. मी मधल्या रांगेत बसले, माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. नवरा विंगेत पडदा ओढायला गेला होता; त्यांनीच त्याला बोलावलं होतं.

दुसऱ्या अंकात फोन होता मागच्या भिंतीशी. ते प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून बसले. चेहरा दिसतच नव्हता. सुरुवातीला लोक कुजबुजले, यांचं काही चुकलंय की काय असं त्यांना वाटलं. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं, आई त्याला घेऊन बाहेर गेली, दार आपटलं. ते तसेच बसून. मग त्यांनी बसल्याबसल्या पाठीला हात लावला, दिवसभर शिडीवर चढउतर केलेला माणूस लावतो तसा. पहिल्यासारखं काही झालं नाही. वेफर्स खाणारी माणसं खातच राहिली. पण त्यांनी शांततेला घाबरून उडी मारली नाही, ती चावट कोटीही केली नाही. वेळ झाल्यावर उठले आणि पुढचं वाक्य नीट म्हणाले. हशा कमी आला. मागे एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "गणपतीत जास्त मजा आली होती."

प्रयोगानंतर ते पार्किंगमध्ये भेटले. तोंडावरचा रंग अर्धवट पुसलेला, कानापाशी तसाच.

"लिहिणार काय, वहिनी?"

"नको आता," मी म्हटलं. "मला खरंच शीण झालाय."

त्यांचा चेहरा पडला. हे मला अपेक्षित नव्हतं. "एवढं बसलो तिकडे पाठ करून, आणि लिहिणार नाही म्हणता? लिहा. वाईट असलं तरी लिहा." थोडं पुढे जाऊन ते परत वळले. "पण खुर्चीबद्दल काही लिहू नका."

शनिवारी मी लिहिलं. पाठांतर सुधारलंय, प्रॉम्प्टर ऐकू आला नाही, आत्याने दुसऱ्या अंकात छान वेळ साधली, पहिला अंक अजून लांबतोय. खुर्चीचा उल्लेख टाळताना मधे एक खड्डा राहिला, तो तसाच ठेवला. ग्रुपवर काही अंगठे आले. आत्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

त्रैमासिकाचा पुढचा अंक निघालाच नाही. मैत्रीण म्हणते बघू, दिवाळीला काढू, आणि मी तिला नक्की का ते विचारत नाही. माझ्याकडे नंतर घेतलेल्या दोन मुलाखती तशाच पडून आहेत. म्हातारा समीक्षक मुलीकडे गेला आणि त्याची उत्तरं विरळ झाली. नाटककार बाईचा मात्र निरोप आला होता, नट कसा बसला म्हणून. मी लिहिलं, पाठमोरा. तिने लिहिलं, बरं झालं. रविवार होता, म्हणजे इथला आठवड्याचा पहिला कामाचा दिवस; मी बसची वाट बघत उभी होते. बस आली आणि मी ऑफिसला गेले.